वंशागत दृष्टिपटलक्षय आणि विद्युत्-उत्तेजन चिकित्सा : पुरावा कसा वाचावा?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील चिकित्सालयांत अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. रुग्ण बहुधा पंचविशी ते चाळिशीतील असतो. लहानपणापासून संध्याकाळनंतर कमी दिसते, आता दिवसाही बाजूचे दिसेनासे झाले आहे, शहरातील नेत्रतज्ज्ञांनी ‘पडदा वाळत चालला आहे, उपाय नाही’ असे सांगितलेले असते. मग कोणीतरी मोबाईलवर एक जाहिरात दाखवतो आणि रुग्ण ती घेऊन आमच्याकडे येतो. “डोळ्याला करंट दिला की दिसायला लागतंय म्हणे, खरं हाय का डॉक्टर?” या प्रश्नामागे केवळ जिज्ञासा नसते. बैलजोडी विकावी का, मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घ्यावी का, याचा निर्णय त्या उत्तरावर अवलंबून असतो. म्हणून ते उत्तर आपल्याला शास्त्रशुद्ध रीतीने देता आले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

व्याधी कोणता?

आधुनिक शास्त्रात ज्यास रेटिनायटिस पिगमेंटोजा म्हणतात, त्या व्याधिसमूहाविषयी आपण बोलत आहोत. नावात ‘आयटिस’ असले तरी हा शोथ नव्हे. हे नाव डच नेत्रवैद्य डाँडर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केले आणि चूक कळूनही ते टिकले. दृष्टिपटलात प्रकाश ग्रहण करणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या शलाकापेशी, आणि उजेडात रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी. या व्याधीत जनुकीय दोषामुळे प्रथम शलाकापेशी मरू लागतात. म्हणून पहिले लक्षण रातांधळेपणाचे. नंतर दृष्टिक्षेत्र कडेकडून आकुंचित होत जाते, रुग्ण नळीतून पाहावे तसे पाहू लागतो, आणि शेवटी शंकुपेशीही क्षीण होतात. आतापर्यंत ऐंशीहून अधिक जनुके या व्याधीशी निगडित आढळली आहेत. म्हणजे एका नावाखाली अनेक व्याधी आहेत, ही गोष्ट पुढे चाचण्यांचा विचार करताना फार महत्त्वाची ठरेल.

जगात सर्वसाधारणपणे चार हजारांत एक असे याचे प्रमाण पाठ्यपुस्तकांत दिलेले असते. आपल्याकडे ते बरेच जास्त आहे. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाने झालेल्या पाहणीत तीस वर्षांवरील ४७११ व्यक्ती तपासल्या गेल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे ७५० जणांमागे एक रुग्ण आढळला. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चाळिशीवरील ग्रामीण लोकांत ३७२ मागे एक व शहरी लोकांत ९३० मागे एक असे प्रमाण निघाले. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती. त्यातील तीस वर्षांवरील लोक सात लाखांच्या घरात धरले आणि नागपूरचे प्रमाण जसेच्या तसे लावले, तर नऊशेच्या आसपास रुग्ण होतात. हा निव्वळ ढोबळ हिशेब आहे. पण आठ तालुक्यांत विखुरलेल्या आपल्या वैद्यबंधूंपैकी प्रत्येकाच्या वाट्याला असे दोन-चार रुग्ण येणारच, एवढे त्यावरून कळते.

दक्षिण व मध्य भारतात प्रमाण अधिक असण्यास रक्ताच्या नात्यातील विवाह हे एक प्रमुख कारण मानले जाते. आपला जिल्हा कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. मामाची मुलगी करणे येथे केवळ मान्य नव्हे, तर कित्येक घरांत हक्काचे समजले जाते, आणि मामा-भाचीचे विवाहही अपरिचित नाहीत. अप्रभावी जनुकाने येणारा दोष अशा विवाहांत दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता वाढते. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायास ‘अतुल्यगोत्रीय’ असे नाव दिले आहे, आणि तिसऱ्या अध्यायात भरद्वाजाच्या तोंडून नेमका हाच प्रश्न उपस्थित केला आहे की, अंध माता-पित्यांची संतती अंधच का जन्मत नाही? आत्रेयांचे उत्तर असे की, बीजातील ज्या अवयवाचा बीजभाग उपतप्त झाला असेल, त्या अवयवात विकृती येते. तसा उपताप नसेल तर येत नाही. सुश्रुताने अशा व्याधींना आदिबलप्रवृत्त म्हटले व त्यांचे मातृज आणि पितृज असे भेद केले. हे वाचून ‘जनुकशास्त्र आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. पण रुग्णाची वंशावळ लिहून घेण्याची प्रेरणा आपल्या संहितांत आहे, हे निश्चित.

रातांधळेपणा सर्वच असाध्य नव्हे

विद्युत्-चिकित्सेकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. सुश्रुताने बारा दृष्टिगत रोग वर्णिले आहेत. त्यांतील श्लेष्मविदग्धदृष्टीचा रुग्ण दिवसा पाहतो व रात्री पाहत नाही. यासच नक्तांध्य म्हणतात. याची औषधी चिकित्सा सांगितली आहे, आणि तीत यकृत व पिंपळी यांचा योग आहे. जीवनसत्त्व ‘अ’ यकृतात साठते, हे कळण्याच्या कितीतरी आधीचे हे निरीक्षण आहे. याउलट नकुलांध्य हा सान्निपातिक व असाध्य, तर ह्रस्वजाड्य हा पित्तज व असाध्य मानला आहे. अनेक शालाक्यतज्ज्ञ रेटिनायटिस पिगमेंटोजाचा संबंध नकुलांध्याशी जोडतात. पूर्ण एकरूपता मानणे आम्हाला धाडसाचे वाटते. कारण ऐंशी जनुकांची विकृती एका संज्ञेत बसवणे अवघड आहे. तथापि, साध्य रातांधळेपणा आणि असाध्य रातांधळेपणा हे दोन वेगळे आहेत, हा शास्त्राचा दंडक आजही जसाच्या तसा उपयोगी पडतो.

व्यवहारात हा भेद असा करावा. लहान मूल, गर्भिणी, दीर्घ अतिसाराचा किंवा यकृतविकाराचा रुग्ण, अल्पकाळात सुरू झालेला त्रास, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग, कोरडेपणा : येथे जीवनसत्त्व ‘अ’ ची कमतरता प्रथम विचारात घ्यावी व विलंब न लावता उपचार करवून घ्यावेत. मात्र गर्भिणीस त्याची मोठी मात्रा गर्भास घातक ठरते, म्हणून तेथे विशेष जपावे. याउलट वर्षानुवर्षे सावकाश वाढणारा त्रास, भावंडांत किंवा मामाकडे तसाच रुग्ण, आणि आकुंचित दृष्टिक्षेत्र असेल तर वंशागत दृष्टिपटलक्षयाची शंका घ्यावी. दृष्टिक्षेत्र तपासण्यास यंत्र लागत नाही. रुग्णास हातभर अंतरावर समोर बसवावे, त्याचा एक डोळा झाकावा, आपल्या नाकाकडे पाहावयास सांगावे आणि बाजूकडून बोट हलवत आत आणावे. आपल्याला दिसूनही त्याला दिसत नसेल तर तेवढी नोंद पुरे. प्रश्न विचारावेत तेही घरगुती असावेत. दिवेलागणीला उंबरठ्याशी अडखळायला होते का? ताटाशेजारचा तांब्या हात लागून कलंडतो का? बाजूने येणारी मोटारसायकल एकदम अंगावर आल्यासारखी वाटते का? कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रीतून चालत येणाऱ्यांपैकी एक रुग्ण दरवर्षी भावाच्या खांद्यावर हात ठेवून चालत असे. चांदण्यातही त्याला रस्ता दिसत नाही, हे घरच्यांनी ‘सवय’ म्हणून सोडून दिले होते.

रुग्ण शेतकरी असेल तर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : रात्री पाणी द्यायला कोण जाते? आमच्या भागात शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते, आणि विहिरीच्या काठावर अंधारात मोटार सुरू करायला जाणारा माणूस जर असा रुग्ण असेल, तर त्याच्या दृष्टीपेक्षा आधी त्याच्या जिवाचा विचार करावा लागतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचेही तसेच. पहाटे अंधारात कोयता चालवणे आणि रात्री गाडी भरणे ही दोन्ही कामे अशा रुग्णाने करू नयेत.

डोळ्याला वीज : कल्पना जुनी, प्रश्न नवा

ही कल्पना आजची नाही. १७५५ साली फ्रान्समधील ल रोआ यांनी एका अंध व्यक्तीवर स्थिर विजेचा प्रयोग केला. दृष्टी आली नाही, पण रुग्णाला प्रकाशाचे चमकारे दिसले. १८७३ मध्ये दोर यांनी नेत्ररोगांवरील विद्युत्-चिकित्सेविषयी लिहिले आणि १८८६ मध्ये अमेरिकेतील डर्बी यांनी याच व्याधीची गती विजेने मंदावता येईल काय, याची चर्चा केली. पुढे हा विषय मागे पडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी त्याला नव्याने चालना दिली. मोरिमोतो व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली दाखवले की, दृष्टिनाडी छेदलेल्या उंदरांत पारदर्शक पटलावरून सौम्य विद्युत्-प्रवाह दिला असता दृष्टिपटलातील नाडीपेशी अधिक संख्येने वाचतात, आणि त्यामागे शरीरातच निर्माण होणारा आय.जी.एफ.-१ हा वृद्धिकारक घटक असावा. २००७ मध्ये वंशागत दृष्टिपटलक्षय असणाऱ्या उंदरांच्या जातीत प्रकाशग्राही पेशींचा नाश काहीसा लांबल्याचे त्यांनी नोंदवले.

येथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी. या सर्व संशोधनाचा दावा मृत पेशी जिवंत होण्याचा नाही. मरू घातलेल्या पेशी काही काळ अधिक तग धरतील, असा आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर तो यापनाचा दावा आहे, रोगनिवृत्तीचा नव्हे. जाहिरातीतील ‘नजर परत येते’ हे वाक्य मूळ संशोधनातच नाही.

दुसरा गोंधळ कृत्रिम दृष्टिपटलाचा. डोळ्याच्या आत विद्युत्-अग्रांची पट्टी शस्त्रक्रियेने बसवून पूर्ण अंध व्यक्तीस प्रकाशाचे ठिपके दाखवणारी ‘आर्गस-२’ ही प्रणाली २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तीत साठ अग्रे होती. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि ज्यांच्या डोळ्यात ती बसवली होती त्यांना देखभालीची अडचण आली. ती चिकित्सा वेगळी, पारपटलीय विद्युत्-उत्तेजन वेगळे. पहिलीत वीज ही हरवलेल्या पेशीची जागा घेते; दुसरीत ती उरलेल्या पेशीस आधार देते, असे मानले जाते. रुग्णाच्या हातातील कात्रणात दोन्हींचे चित्र एकाच ओळीत छापलेले आम्ही पाहिले आहे.

आता कृती पाहू. डोळ्याच्या पारदर्शक पटलास केसासारखे बारीक, विद्युत्-वाहक धाग्याचे अग्र स्पर्श करवतात आणि दुसरे अग्र कानशिलावर चिकटवतात. रुग्णास अंधारात बसवून प्रवाह हळूहळू वाढवतात. ज्या प्रवाहाला रुग्णास प्रथम प्रकाशाचा आभास होतो, ती त्याची स्वतःची आभास-मर्यादा. ही प्रत्येकाची निराळी असते आणि व्याधी जसा वाढतो तशी तीही वाढते. चिकित्सेची मात्रा या मर्यादेच्या टक्केवारीत ठरवतात. उदाहरणार्थ, मर्यादा ०.४ मिलिअँपियर असेल तर दीडशे टक्के म्हणजे ०.६ मिलिअँपियर. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील नेत्ररुग्णालयाने जी पद्धत वापरली तीत दर सेकंदास २० स्पंदने, आठवड्यातून एकदा, तीस मिनिटे असा क्रम होता. ‘अग्निबल पाहून मात्रा’ या तत्त्वाची सवय असलेल्या वैद्यास ही व्यक्तिनिहाय मात्रा सहज पटेल. पटण्याजोगे वाटणे आणि सिद्ध होणे यांतील अंतर मात्र मोजमापानेच कापावे लागते.

चाचण्यांनी काय दाखवले?

ट्युबिंगेनचा पहिला महत्त्वाचा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ रुग्ण, तीन गट, सहा आठवडे. एका गटास खोटी चिकित्सा, म्हणजे सर्व मांडणी तीच पण प्रवाह नाही. दुसऱ्यास मर्यादेच्या ६६ टक्के. तिसऱ्यास १५० टक्के. तिसऱ्या गटात दृष्टिक्षेत्र विस्तारल्याचे व दृष्टिपटलाच्या विद्युत्-आलेखात सुधार झाल्याचे आढळले. बातम्यांनी व जाहिरातींनी येथेच पान बंद केले.

त्याच संशोधकांनी पुढे वर्षभराचा प्रयोग केला. ५२ रुग्ण, दर आठवड्यास तीस मिनिटे. एका गटास खोटी चिकित्सा, दुसऱ्यास १५० टक्के, तिसऱ्यास २०० टक्के. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत उजेडात घेतलेल्या विद्युत्-आलेखाच्या एका मापात अधिक मात्रेच्या गटास लाभ दिसला. इतर बहुतेक मापांत मात्र गटांतील फरक ठोस ठरला नाही. म्हणजे कालावधी सहा आठवड्यांवरून वर्षावर नेला, रुग्ण दुपटीहून अधिक घेतले, आणि लाभ विस्तारण्याऐवजी आखडला. ‘टेसोला’ या नावाने युरोपातील अकरा केंद्रांत १०५ रुग्णांवर झालेली सहा महिन्यांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मुख्यतः सुरक्षितता पाहिली होती. डोळे कोरडे पडणे हा प्रमुख उपद्रव होता. गंभीर हानी दिसली नाही. मात्र ती पाहणी उघड स्वरूपाची होती, तुलनेस गट नव्हता. अशी पाहणी ‘अपाय फारसा नाही’ एवढे सांगू शकते. ‘उपाय होतो’ हे सांगण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते.

२०१८ साली अमेरिकेत बिट्नर व सहकाऱ्यांनी २१ रुग्णांचे तीन गट करून पारपटलीय उत्तेजन, विद्युत्-अॅक्युपंक्चर आणि खोटी चिकित्सा यांची तुलना केली. काही रुग्णांत लाभाची चिन्हे दिसली. पण एकेका गटात सातच रुग्ण. पारंपरिक पद्धतीचाही तितक्याच कसोशीने विचार झाला, म्हणून त्याचा उल्लेख येथे केला. एवढ्या आकड्यांवर चिकित्सा सुचवता येत नाही, मग ती चिनी असो, जर्मन असो वा आपली.

या व्याधीत चाचणी घेणे मुळातच का कठीण आहे, हे आपण समजून घेतले तर पुढील प्रत्येक जाहिरात आपल्याला स्वतः वाचता येईल. पहिली अडचण काळाची. क्षय इतका सावकाश होतो की, काहीही न करता सहा आठवड्यांत फरक पडत नाही. म्हणून ‘सहा आठवड्यांत व्याधी थांबला’ या विधानास अर्थच राहत नाही. तो तसाही थांबलेलाच दिसला असता. दुसरी अडचण मापाची. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत रुग्णाने ठिपका दिसताच बटण दाबायचे असते. पहिल्या खेपेस तो गोंधळतो, दुसऱ्या खेपेस सरावतो, तिसऱ्या खेपेस आशेने अधिक लक्ष देतो. दृष्टिपटल तेच राहते आणि नकाशा मोठा होतो. या रुग्णांची दृष्टी दिवसागणिक थोडी कमी-अधिकही होत असते. थकवा, झोप, उजेड यांचा परिणाम होतो. त्यामुळे एका नकाशावरून काढलेला निष्कर्ष वाऱ्यावरची वरात असतो.

तिसरी अडचण आम्हाला सर्वांत सूक्ष्म वाटते. दीडशे टक्के प्रवाह म्हणजे मर्यादेच्या वरचा प्रवाह. म्हणजे त्या रुग्णाला चमकारे दिसणार. खोट्या चिकित्सेतील रुग्णाला काहीच दिसणार नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णास कळू द्यायचे नाही, हा तर चाचणीचा पाया. आणि येथे चिकित्साच त्याच्या कानात उत्तर सांगते. वर्षानुवर्षे अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला यंत्राखाली लख्ख ठिणग्या दिसल्या, की त्याचा विश्वास बळावणार, आणि पुढील तपासणीत तो अधिक नेटाने ठिपके शोधणार. ६६ टक्क्यांचा गट या दृष्टीने उपयोगी. तेथे वीज आहे पण चमकारा नाही. विद्युत्-आलेख हे रुग्णाच्या इच्छेवर न चालणारे माप आहे, म्हणून २०१७ च्या निष्कर्षातील तेवढा एक लाभ दुर्लक्षणीय नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. चौथी अडचण जनुकांची. ऐंशी कारणांचे रुग्ण एकाच गटात घातले, तर काहींना झालेला लाभ इतरांच्या आकड्यांत बुडू शकतो. पण ही सबब लाभ सिद्ध झाल्याचा दाखला म्हणून वापरता येत नाही.

एका जुन्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. १९९३ मध्ये बर्सन यांनी ६०१ रुग्णांवरील दीर्घ चाचणीवरून जीवनसत्त्व ‘अ’ रोज १५,००० एकके दिल्यास ऱ्हास किंचित मंदावतो, आणि जीवनसत्त्व ‘इ’ ४०० एकके दिल्यास उलट अपाय संभवतो, असे मांडले. पुढील तीन दशके असंख्य रुग्णांनी या गोळ्या घेतल्या. २०२३ मध्ये बर्सन यांच्या अभ्यासांतील रुग्णांची जनुकीय माहिती मिळवून फेरविचार झाला, तेव्हा जीवनसत्त्व ‘अ’ चा लाभ दिसून आला नाही. शेकडो रुग्ण आणि अनेक वर्षे असूनही असे होते. मग सहा आठवड्यांच्या २४ रुग्णांवर किती भार टाकावा?

आमचे मत असे आहे की, पारपटलीय विद्युत्-उत्तेजन ही आज विचारार्ह परंतु असिद्ध चिकित्सा आहे. नोंदणीकृत चाचणीत रुग्णास सहभागी होता येत असेल तर त्यास अवश्य उत्तेजन द्यावे. विकत घेण्यासाठी देऊ नये. चाचणी आणि विक्री यांतील फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. आपल्या देशातील चाचण्यांची नोंद आय.सी.एम.आर.च्या अखत्यारीतील ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे होते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. नोंदणी क्रमांक विचारावा, नैतिकता समितीची मान्यता विचारावी, रुग्णाच्या भाषेतील संमतिपत्र मागावे. आणि प्रयोगाधीन उपचाराचे पैसे कोणी मागत असेल, तर ती चाचणी नव्हे. अंधत्व बरे करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे. हा कायदा आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींनाही लागू आहे, याचे भान आपल्यापैकी प्रत्येकाने ठेवावे. सांधेदुखीसाठी मिळणारे विद्युत्-यंत्र डोळ्याभोवती लावण्याचा प्रयोग तर कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये.

हाच गज आपल्या तर्पणास

येथवर परक्या चिकित्सेस जी कसोटी लावली, ती आपल्या क्रियाकल्पास लावली नाही तर तो पंक्तिप्रपंच होईल. या रुग्णांना आपण तर्पण, पुटपाक, नस्य, अंजन, त्रिफलाघृत वा जीवंत्यादि घृताचे पान देतो. तर्पणानंतर बहुतेक रुग्ण ‘उजळ दिसते’ असे सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. परंतु उजळ कशामुळे दिसते? या रुग्णांत डोळ्यांचा कोरडेपणा असू शकतो. घृताने अश्रूंचा थर स्थिर झाला की प्रतिमा स्वच्छ होते. तो पृष्ठभागावरील लाभ आहे, तो द्यावा, त्यात गैर काही नाही. पण त्यास दृष्टिपटलाचा लाभ म्हणणे म्हणजे चमकाऱ्यास दृष्टी म्हणण्यासारखेच होय.

आपल्यापैकी कोणी याचा अभ्यास करू इच्छित असेल, विशेषतः धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थेत शालाक्याचा विभाग हाताशी असेल, तर आराखडा असा असावा असे आम्ही सुचवतो. एका गटास सिद्ध घृताचे व दुसऱ्यास साध्या गोघृताचे तर्पण; वास व रंग शक्य तितका सारखा. मापन शेवटच्या तर्पणानंतर लगेच नव्हे, तर पुरेसे दिवस मध्ये सोडून, म्हणजे पृष्ठभागाचा परिणाम निवळेल. आरंभीच दृष्टिक्षेत्राच्या किमान दोन तपासण्या, पहिली सरावाची म्हणून बाजूला ठेवावी. मापन करणाऱ्यास गट ठाऊक नसावा. कालावधी वर्षाहून कमी नको. एकट्या जिल्ह्यात इतके रुग्ण जमणार नाहीत. सोलापूर, लातूर, बीड येथील वैद्यांनी एकत्र यावे लागेल. आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो याच अंकात छापण्याची तयारी आधी ठेवावी लागेल.

तोपर्यंत रुग्णासाठी काय?

‘उपाय नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. या रुग्णांत कमी वयात लेन्सच्या मागील भागात मोतीबिंदू होतो. योग्य वेळी शस्त्रक्रियेने उरलेली दृष्टी बरीच सुधारू शकते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येते. ती औषधाने काही रुग्णांत उतरते. म्हणून वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडे तपासणी चुकवू नये. ऐकू कमी येणे, जादा बोट, बालपणापासूनचा स्थौल्य अशी जोड असेल तर अन्य अवयवांचा, विशेषतः वृक्कांचा तपास करवून घ्यावा. जनुकीय तपासणीचे महत्त्वही आता केवळ शैक्षणिक राहिलेले नाही. आर.पी.ई.-६५ या एका जनुकाच्या दोषावर जनुकोपचारास डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१८ मध्ये त्याची किंमत दोन्ही डोळ्यांस साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे आपल्या रुग्णास ती स्वप्नवतच. पण कोणत्या जनुकाचा दोष आहे हे ठाऊक असलेल्या रुग्णालाच भविष्यातील चाचणीचे दार उघडते. उमरगा-नळदुर्गकडील रुग्णास महामार्गाने हैदराबाद सरळ पडते, तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत वंशागत दृष्टिपटलरोगांचे तज्ज्ञ आहेत. भावंडांची व मामाकडील मंडळींची वंशावळ आपण आधीच कागदावर लिहून दिली, तर तेथील काम निम्मे हलके होते. घरात पुढचे लग्न ठरत असेल तर हीच वंशावळ वडीलधाऱ्यांपुढे ठेवावी, मुलीला किंवा सुनेला दोष न देता. बीजभाग दोन्हीकडचा असतो.

शेवटी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी. कित्येक रुग्णांना ‘तक्त्यावरची अक्षरे वाचता येतात, म्हणजे तुम्ही अपात्र’ असे कोणीतरी सांगून परत पाठवलेले असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार केवळ अक्षरे वाचण्याची क्षमता नव्हे, तर दृष्टिक्षेत्रही मोजले जाते. चांगल्या डोळ्याची वाचनक्षमता बरी असली तरी क्षेत्र ४० अंशांहून कमी व १० अंशांपर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी, आणि १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व गणले जाते. म्हणून रुग्णास जिल्हा रुग्णालयात पाठवताना आपल्या चिठ्ठीत ‘दृष्टिक्षेत्र तपासणी करावी’ हे शब्द अधोरेखित करून लिहावेत, आणि सोबत नेत्रतज्ज्ञांकडील दृष्टिक्षेत्राचा छापील नकाशा जोडावा.